भर दरबारात सांगून

‘प्रकाशराव, भास्कर गेला. उद्याची सातची बॅच तुम्ही घ्या.’ सरांचा फोन असा आला, दोन्ही वाक्यं एका दमात. मी ‘बरं’ म्हणालो. रिसीव्हर ठेवल्यावर डोक्यात जी तिडीक गेली ती आज तीन महिने झाले तरी उतरलेली नाही. भास्कर आणि मी नगरला सरांच्या खाजगी क्लासमध्ये शिकवायचो, तो गणित आणि मी विज्ञान. छत्तिशीत होता. कावीळ झालेली असताना, परीक्षा तोंडावर आली म्हणून तो महिनाभर फळ्यासमोर उभा राहिला. त्याचे पिवळे डोळे आम्हा सगळ्यांना दिसत होते. ‘भास्कर, तब्येतीकडं बघ रे जरा’ असं म्हणून आम्ही आपापल्या वर्गात जात होतो. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

शोकसभेत सरांनी त्याला ‘एकनिष्ठ’ म्हटलं. चार वेळा म्हटलं, मी मोजत बसलो होतो. ‘लोक येतात, शिकतात आणि उद्या शेजारीच दुकान थाटतात. भास्कर मला सोडून कधी गेला नाही,’ असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, हा माणूस तुम्हाला सोडून निघाला होता. तुमच्या तोंडावर सांगून निघाला होता. तो का गेला नाही, हे तुम्हालाही पक्कं ठाऊक आहे आणि मलाही... पण मी तिथं तोंड उघडलं नाही. म्हणून आता इथं लिहितो आहे, आणि ज्यांना वाईट वाटायचं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

भास्करची आठवण सांगायची तर त्याच्या खेळापासून सांगावी लागते. एक्क्याण्णव-ब्याण्णव साल असेल. रविवारी दुपारी क्लास रिकामा असायचा आणि आम्ही चौघं मास्तर बाकं जोडून बसायचो. भास्करनं चार ड्रॉइंग शीट चिकटवून दख्खनचा नकाशा काढला होता, नद्या, घाट, किल्ले सगळं शाईनं. चिंचोके म्हणजे पायदळ, गुंजा म्हणजे घोडदळ, आणि कोटाची चार मोठी बटणं म्हणजे तोफा. चिठ्ठी टाकून एक जण सुलतान व्हायचा, बाकीचे तिघं त्याचे सरदार. सरदारानं आपला किल्ला राखायचा, सुलतानासाठी लढायचं. आणि वाटलं तर फुटून आपलं राज्य काढायचं. सगळी गंमत तिथंच होती. आपलं हे नगर तरी दुसरं काय आहे? बहमनी सुलतानाला सोडून निघालेल्या एका सरदारानंच वसवलंय की.

पण फुटायचा नियम भास्करनं भलताच कडक केला होता. गुपचूप फुटायचं नाही. फुटणाऱ्यानं उभं राहायचं, सुलतानाची मोहोर त्याच्यासमोर ठेवायची आणि म्हणायचं, ‘आजपासून खर्ड्याचा किल्ला माझा.’ मग सुलतान विचारणार, ‘याच्याबरोबर कोण?’ दुसरा एक जरी सरदार उठला तरी नवं राज्य झालं. कुणीच उठलं नाही तर किल्ला गेला, आणि डाव संपेपर्यंत त्याच सुलतानाच्या पागेत साधा स्वार म्हणून राहायचं. मी त्याला एकदा म्हणालो, ‘लेका, इतिहासात असं सांगून कुणी फुटलंय का?’ तो म्हणाला, ‘न्हाई ना. म्हणून तर पुढं कुणाचा कुणावर भरवसा राहिला न्हाई.’ खर्डा बहुतेक वेळा त्याच्याच वाट्याला यायचा, तो हमखास फुटायचा, आणि मी दर वेळी उठायचो. माझा स्वतःचा डाव बुडत असला तरी उठायचो.

तो नगरला लागूनच्या भिंगारचा. वडील तिथल्या लष्कराच्या छावणीत नोकरीला होते, छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर शिकलेली घरातली पहिली पिढी त्यांची. क्लासमध्ये भिंगारहून येणारी पोरं, धोब्यांची, शिपायांची, सगळी ‘ब’ तुकडीत टाकलेली असायची. भास्कर त्या तुकडीला असं काही शिकवायचा की ‘अ’वाली पोरं चोरून त्याच्या वर्गात जाऊन बसायची. त्याच्या गणिताच्या नोट्स क्लासनं छापल्या, वर फोटो सरांचा आणि नावही सरांचं. यावर तो मला एवढंच म्हणाला, ‘पक्या, भिंगारात आपला क्लास काढू. गणित मी, विज्ञान तू. तुकड्या करायच्या न्हाईत.’ मी म्हणालो, ‘काढू की.’ सहा महिने आम्ही दुसरं काही बोललो नाही. खोली त्यानं बघून ठेवली होती, फळा कुठं लावायचा ते मी ठरवलं होतं.

सगळे मास्तर फुटतात तसं फुटायला हवं होतं. आधी मुलं गाठायची, पालकांना भेटून यायचं, मग एके दिवशी आजारी पडायचं. नगरात हीच रीत आहे. पण हा शहाणा तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, निकालानंतरच्या बैठकीत, सगळ्या स्टाफसमोर उभा राहिला. आदल्या दिवशी मला विचारलं होतं त्यानं, ‘मी उठल्यावर तू उठशील ना?’ मी हसलो होतो. ‘अरे, हे काय विचारणं झालं?’

‘सर, जूनपासून मी भिंगारला माझा क्लास काढतोय,’ तो म्हणाला आणि वर्गाच्या किल्ल्या त्यानं टेबलावर ठेवल्या. सर चिडले नाहीत. ते हसले. ‘काढ की. पण भास्कर, तुझ्याकडं पोरं पाठवणार कोण?’ त्या ‘तुझ्याकडं’चा अर्थ न कळलेला एकही माणूस त्या खोलीत नव्हता. दोघं-तिघं फिदीफिदी हसलेसुद्धा. मग सरांनी आमच्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, ‘आणखी कोण जातंय याच्याबरोबर?’

माझ्या हातात पेन होतं. मी त्याचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मला कुणी धमकी दिली नव्हती, कसली लालूच दाखवली नव्हती. शेवगावकडं घरची बागायत आहे, मी उपाशी मरणार नव्हतो. नुसतं उठायचं होतं... मी उठलो नाही. भास्करनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, कदाचित मला अडचण नको म्हणून. थोड्या वेळानं त्यानं किल्ल्या उचलल्या आणि तो खाली बसला. जिन्यात मला म्हणाला, ‘चहा घेणार का?’ मी त्याच्याबरोबर जाऊन चहासुद्धा प्यायलो. निर्लज्ज!

पुढं जूनमध्ये त्याला पाचवीची मुलं दिली आणि त्याचं दहावीचं गणित मला. सर पाहुण्यांशी त्याची ओळख ‘हे आमचे बंडखोर’ अशी करून द्यायचे, आणि तो हसायचा. मला त्या हसण्याचा संताप यायचा. अरे, भांड की, चारचौघांत मला शिवी घाल की एकदा. यंदा परीक्षेच्या तोंडावर मात्र दहावीला गणित जमेना तेव्हा सरांनी त्यालाच पुन्हा उभं केलं, आणि हा गेला. कावीळ अंगावर घेऊन गेला.

गेल्या रविवारी भिंगारला त्याच्या घरी गेलो. सुनंदावहिनी अंगणात होत्या. ‘बसा भाऊजी, च्या टाकते,’ म्हणून त्यांनी पाण्याच्या टाकीवरचं पत्र्याचं झाकण उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. खालची बाजू माझ्याकडं आली. निळा रंग, पांढरी अक्षरं, कडेला गंज चढलेला. क्लासची पाटी होती ती. दोन नावं होती. वर माझं, खाली त्याचं.

‘हे कधीचं?’ मी विचारलं.

‘त्या मे महिन्यातलं. तुमचं नाव वर ठिवलं तर लोक पोरं पाठवतील, म्हनले.’

‘मग मोडीत का नाही घातली?’

‘मी लई सांगितलं. न्हाई म्हनायचे. म्हनायचे, पक्याला जरा वेळ लागतो, पन तो येतो. दर साली जून आला की पुसून ठिवायचे.’ त्यांनी कळशी बुडवून भरली. ‘औंदा तेवढी पुसली न्हाई.’

वहिनींनी कळशी कडेवर घेतली आणि एका हातानं पाटी टाकीवर पालथी घातली.

‘सरांनी लई निष्ठावान म्हनलं त्येंना,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी पेपरात लिहिनार हाय म्हनं. तसलं काय लिहू नका. काय झालं ते लिहा, आनि तुमचं नाव घालून लिहा.’