अचलपूरच्या रेवताबाई आणि माझं उदाहरण क्रमांक दोन

भूतखेत, करणी, संकेत... यातलं काही मी कधी मानलं नाही. वय एक्कावन्न, राहणार अमरावती. सकाळी यादी करायची आणि झोपताना तिच्यावर टिक करत जायचं, एवढाच माझा धर्म. पण सध्या यादीत पहिलं काम एकच असतं – दहा वाजता रेवताबाईंना फोन. त्या जिवंत आहेत हे ऐकायला. असं का, ते सांगते.

घरी ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना मशीन भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत मी काम करते. ऑफिसं दोन, अमरावती आणि अकोला. यंदा कंपनीने ग्राहकांचे फोन घ्यायला एआय एजंट आणला. एजंट म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्राम. त्याला ग्राहकाची नोंद शोधता यावी म्हणून एक टूल होतं, आणि ते कसं वापरायचं याचा कागद लिहायचं काम माझ्याकडे आलं. कोणती माहिती देऊन शोधायचं, उत्तरात काय काय येतं, नोंद नसेल तर अंदाज न बांधता ‘सापडली नाही’ असंच सांगायचं – सगळं ओळीने. शेवटी नमुन्याच्या दोन नोंदी. खऱ्या रुग्णांची नावं वापरायची नाहीत हा नियम माझाच, म्हणून दोन्ही माणसं मी मनाने रचली. जेवणाच्या सुट्टीआधी, दहा मिनिटांत.

पहिलं उदाहरण चालू ग्राहकाचं : सुधाकर नामदेव वानखडे, बार्शीटाकळी. शेरा – पुढचं दार उघडत नाही, गोठ्यातून यावे.

दुसरं बंद झालेल्या नोंदीचं : रेवताबाई पुंजाजी काळमेघ, अचलपूर. मशीन क्रमांक ४४१७. शेरा – रुग्ण वारल्या. मशीन मुलीने परत केली.

कागद तपासायला अकोल्याच्या प्रफुल्लकडे पाठवला. तो आमचा जुना मेकॅनिक. आठवड्याभराने त्याचाच फोन आला.

“ताई, बार्शीटाकळीले मशीन बसवाले आलो. सुधाकर वानखडे. समोरच्या दारामागं कपाट ठेवेल हाये, गोठ्यातून आत या लागलं. तुमच्या कागदावर हेच होतं ना वो?”

“वानखडे अर्ध्या जिल्ह्यात आहेत, प्रफुल्ल.”

“अन् गोठा? पंचांग घेऊन बसा आता ताई, लाइन लागते पाहा.”

तो हसला. मीही हसले. फोन ठेवला आणि मग दुसरं उदाहरण आठवलं.

लगेच टूलमध्ये नाव टाकून पाहिलं. नोंद सापडली नाही. इतकं हायसं वाटलं की खुर्चीतच बसून राहिले. तरी ते उदाहरण फाइलमधून काढलं, मेलमधून काढलं, छापील पान फाडलं. तिन्हीपुढे टिक केली.

त्यानंतर रोज एकदा ते नाव टाकून बघायची सवय लागली. तीन आठवड्यांनी नोंद सापडली. रेवताबाई पुंजाजी काळमेघ, अचलपूर. नवीन ग्राहक. मशीन क्रमांक ४४१७. मी उदाहरण लिहिलं तेव्हा ही मशीन आमच्या गोडाऊनमध्ये आलेलीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीने अचलपूर गाठलं. मशीनची तपासणी आहे म्हणून सांगितलं. साठीच्या बाई, दम लागत होता, पण जीभ शाबूत. मी फिल्टर बदलला, वीज गेली तर असावा म्हणून जास्तीचा सिलिंडर पोचवायची सोय केली, शेजाऱ्यांचा आणि डॉक्टरांचा नंबर लिहून घेतला. निघताना विचारलं, मुलं किती?

“एकच पोरगा. पोरगी नाई देली देवानं.”

मला रडूच आलं. कसंबसं आवरलं. माझ्या शेऱ्यात मशीन ‘मुलीने’ परत केली होती. इथे मुलगीच नव्हती! त्या एका शब्दावर मी दोन महिने काढले.

तरी रोज फोन करत होते. “मॅडमबाई, एवढा तं माही सख्खी बहीणबी नाई करत फोन,” त्या म्हणायच्या. “मी काई पळून नाई चालली तुमची मशीन घेऊन.”

एक दिवस फोन लागेना. चार वेळा केला. पाचव्यांदा लागेपर्यंत मी काय केलं ते कुणाला सांगितलेलं नाही. कागद उघडला आणि त्यांचं उदाहरण पुन्हा घातलं. जुनंच, जसंच्या तसं, फक्त शेऱ्याचा पहिला भाग बदलून : रुग्ण पूर्ण बऱ्या झाल्या. मशीन मुलीने परत केली.

‘मुलीने’ हा शब्द तसाच राहिला. घाईत माझ्या लक्षातच आलं नाही.

परवा दहा वाजता फोन केला तर आवाज हसरा होता. आदल्या दिवशी मुलाचं लग्न झालं होतं, अचानक ठरून, घरच्या घरी, चार माणसांत.

“सून आली म्हणायची,” मी म्हटलं.

“सून कायची? पोरगीच हाये मले ते. मशीनचं सारं आता तेच पाह्यते. घ्या, बोला तिच्यासंग.”

आवाज अगदी कोवळा होता. “नमस्कार मॅडम. आईले आता बरं वाटून राह्यलं. मशीन परत करायची असली तं कसं करा लागते?”

मी पद्धत सांगितली. तोंडपाठ आहे. ऑफिसला फोन करायचा, क्रमांक सांगायचा, माणूस येऊन घेऊन जातो. मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका, असं तीनदा सांगितलं. तिने तीनदा “हो” म्हटलं.

प्रफुल्ल म्हणतो योगायोग. एजंट आणि टूल ज्यांनी बनवलं त्यांना विचारलं, ते म्हणाले कागदातल्या नमुन्यावरून नोंद तयार होऊच शकत नाही. मलाही ते पटतं. पण एका बाईसाठी मी दोन शेरे लिहिले आहेत. पहिला फाडला, दुसरा अजून कागदात आहे, आणि दोन्हींत मशीन मुलगीच परत करते. यातला कोणता लागू होणार, हे मला सांगता येत नाही.

काही खोडायची आता हिंमत नाही. लिहायचीही नाही. उद्या दहाला फोन करायचा आहे.