आधी पॅड

पत्रकांतून तुम्ही मला वाचलं असेल, तर ओरडतानाच वाचलं असेल. जाड ठसा, उद्गारचिन्हं, खाली 'जवाब द्या!' आज तो आवाज लागत नाही. आज जे लिहायचंय ते मी आईला सांगितलेलं नाही, आमच्या गटात परवापर्यंत कुणाला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिलाही इतकी वर्षं नाही. कागद पुढे ओढला की मी दुसरंच काहीतरी लिहायला लागते — मैदानांची दशा, मुलींना कपडे बदलायला खोली नाही, असलं. तेही खरंच आहे हो. पण मग हे कधी लिहिणार?

तर — शुभदाताई.

आडनाव लिहीत नाही. बडोद्यात ज्यांना क्रिकेट कळतं त्यांना ते लागणार नाही, आणि ज्यांना कळत नाही त्यांनी त्यांना माझ्या पत्रकातूनच ओळखलंय, हाच तर घोळ आहे. ताई देशाकडून सलामीला खेळल्या. पुढे कप्तान झाल्या. त्या काळात बायकांचा संघ बिनआरक्षणाच्या डब्यातून जायचा, शाळांच्या वर्गात सतरंजीवर झोपायचा, एक चांगली बॅट तिघीजणी वाटून वापरायच्या. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते म्हणे. ताईंची पाठ अजून तशीच ताठ. परदेशातल्या एका सामन्यात चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला, अंपायरला कळलंच नाही, आणि ताई स्वतःहून तंबूकडे चालू लागल्या. कप्तान! मॅच हातातली होती, ती गेली. पुढच्या दौऱ्याला कप्तानपदही गेलं. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत. आम्ही मुलींनी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "लागली होती ना? मग काय उभी राहू? बस येणारे का तिथे?"

खेळणं संपल्यावर त्या बडोद्याला परत आल्या, मुलींना शिकवायला लागल्या, आणि निवड समितीतही होत्या. त्यांच्या दोन पद्धती होत्या. सरावाच्या आणि निवडीच्या सामन्यात अंपायर बाहेरून आणायचा नाही. ज्यांची बॅटिंग चालू त्यांच्यातल्याच दोघी, आळीपाळीने, पांढरी टोपी घालून उभ्या. "दुसरीला बाद देऊन बघा, मग स्वतःचं बाद होणं कळतं." ही एक. आणि दुसरी — अंपायर झालेल्या मुलीला नंतर वाटलं की आपलं चुकलं, तर तिने फक्त येऊन सांगायचं. ओरडा नाही, चौकशी नाही. बाद दिलेली मुलगी जेवणानंतर पुन्हा पॅड बांधायची आणि पुन्हा खेळायची. बाहेरचे मास्तर हसायचे. आम्हाला मात्र ते अगदी साधं वाटायचं, घरात चप्पल काढून यावं तसं.

आता हेतल. हेतल पादरा गावची, भाजीच्या व्यापाऱ्याची मुलगी, एस.टी.ने यायची, किटबॅग मांडीवर घेऊन. मी बडोद्यातल्याच मांजलपूरची, बाबा प्राध्यापक, आई शिक्षिका, पणजोबा दरबारी कारकून — बाबा मला गाडीवरून सोडायचे आणि नेटच्या मागे उभे राहून टिपणं काढायचे. आम्ही दोघी बारावीत, दोघी पहिल्या तीनमध्ये खेळणाऱ्या, दोघी एकमेकींच्या डब्यात हात घालणाऱ्या. ती गुजरातीत बोलायची, मी मराठीत उत्तर द्यायची, आणि भांडण झालं की दोघी हिंदीत. ती माझ्यापेक्षा चांगली होती. हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितेय. जरा नव्हे — चांगलीच चांगली होती. तिचा चेंडू बॅटवर आला की आवाज वेगळा यायचा. मला तो डोळे मिटूनही ओळखता आला असता.

म्हणून तर त्या दिवशी मला ऐकू आलं नाही असं मी म्हणूच शकत नाही.

राज्याच्या मुलींच्या संघाची निवड चाचणी होती. वरच्या फळीत जागा एकच उरली होती, हे सगळ्यांना माहीत. आम्ही दोघी एकाच बाजूला. मी सलामीला गेले आणि जवळजवळ लगेच परत आले — बाहेरच्या चेंडूला उगाच बॅट घातली. नेटच्या मागे बाबांनी वही मिटून खिशात ठेवली, एवढंच. थोड्या वेळाने माझी अंपायरची पाळी आली. टोपी घातली, गोलंदाजाच्या टोकाला उभी राहिले. समोर हेतल. ती अशी खेळत होती की क्षेत्ररक्षण करणाऱ्या मुली टाळ्या वाजवत होत्या.

फिरकीचा चेंडू. ती पुढे आली. चेंडू बॅटच्या आतल्या कडेला लागला — टक्क — आणि मग पॅडवर. ज्यांना खेळ कळत नाही त्यांच्यासाठी सांगते: चेंडू आधी बॅटला लागला तर पायचीत होतच नाही. आधी पॅडला लागला तर होऊ शकतं. सगळा फरक त्या एका टक्कचा. गोलंदाज ओरडली. मी बोट वर केलं.

चूक? हातातून निसटलं? नाही. हात वर जायच्या आत माझ्या डोक्यात एक वाक्य पूर्ण झालं होतं — आता जागा उरते.

हेतलने बॅटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेली. जाताना म्हणाली, "अली, बॅट हती." अगं, बॅट लागली होती. रागाने नाही. आठवण करून द्यावी तसं. तिला खात्री होती की मी जाऊन ताईंना सांगेन. का नसावी? आमच्याकडे तशीच रीत होती.

जेवणाच्या सुट्टीत ताईंनीच मला हाक मारली. "काय गं, हेतलच्या वेळी बॅट लागली होती का? मला इकडून टक्क आल्यासारखं वाटलं." पाहा — मला शोधत जायचीही गरज नव्हती. दार त्यांनीच उघडून धरलं होतं. मी म्हटलं, "नाही ताई. आधी पॅड, मग बॅट." त्या म्हणाल्या, "बरं. अंपायर तू होतीस." आणि डबा उघडला. त्यांच्याकडे अंपायरचा शब्द म्हणजे शब्द, मग ती बारावीतली पोरगी का असेना.

इथवरची गोष्ट कदाचित मी कधीतरी सांगितलीही असती. पोरवयातली नीचता म्हणून. पण संध्याकाळी एस.टी. स्टँडवर हेतलने विचारलं, "कह्युं ताईने?" ताईंना सांगितलंस का. आणि मी म्हटलं — हो, सांगितलं. माझं चुकलं, बॅट लागली होती, असं म्हणाले मी. त्या म्हणाल्या, जाऊ दे, आता वेळ नाही.

एवढंच. पादऱ्याची गाडी लागली, ती चढली. खिडकीतून म्हणाली, "तारो वांक नथी." तुझा दोष नाही.

जागा मला मिळाली. पुढचं काय सांगू? मी बहुतेक पाणी नेलं, एकदोन सामने खेळले, कॉलेज सुरू झालं आणि सोडून दिलं. जे चोरलं ते वापरताही आलं नाही. हेतलच्या घरी मात्र तिची किटबॅग माळ्यावर गेली. तिच्या वडिलांनी म्हटलं म्हणे, त्या मोठ्या बेनलाच तू नको आहेस, तर आपण कशाला धावायचं?

काही वर्षांनी मी आमच्या गटात आले. मुलींच्या खेळातला अन्याय — यावर आम्ही पत्रकं काढतो, तुम्हाला माहीतच आहे. पत्रक लिहायला शिकवणाऱ्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: तत्त्व सांगू नको, माणूस दाखव. लोक माणसासाठी चिडतात. मग आम्ही माणूस शोधू लागलो. आणि कुणीतरी म्हणालं, तुझी ती पादऱ्याची मैत्रीण?

मी तेव्हा थांबू शकले असते. थांबले नाही. उलट मी लिहिलं, आणि झकास लिहिलं. 'अंपायरने चूक कबूल केली, तरी गावच्या मुलीला दुसरी संधी नाही! नियम फक्त शहरातल्यांसाठी?' परदेशात स्वतःहून चालत गेलेल्या कप्तानाची गोष्टही घातली, टोमणा म्हणून — मैदानावर साधू, निवडीच्या टेबलावर कोण? ती ओळ लिहिताना मला मजा आली होती. हेही सांगून टाकते. एकदा तुम्ही गरिबाच्या बाजूने ओरडायला लागलात ना, की तुमचा आवाज तुम्हालाच फार खरा वाटतो. हेतल माझ्याबरोबर मैदानाच्या फाटकाशी उभी राहून ते वाटत होती. तिच्या बाजूने ते शंभर टक्के खरं होतं.

शुभदाताईंनी उत्तर दिलं ते एका ओळीचं: माझ्यापाशी कुणी चूक कबूल केली नव्हती, अंपायरने सांगितलं तेच मी धरलं. मग मी दुसरं पत्रक काढलं. 'कोवळ्या पोरीच्या आड लपणारी कप्तान!' ती कोवळी पोर म्हणजे मी. हेतलला हे माहीत होतं आणि माझ्यासाठी तिचा संताप आणखी वाढला — बघ, आता तुझ्यावर ढकलतेय!

पालकांनी मैदानावर बैठक बोलावली. प्लास्टिकच्या खुर्च्या, कुणाचातरी स्पीकर. ताई एकट्या पुढे बसल्या होत्या. मागून एक काका ओरडले, "नाम बोलो ने, बेन! कोण हतुं अंपायर?" शिट्ट्या झाल्या. ताईंनी गर्दीवरून नजर फिरवली. मी शेवटच्या रांगेमागे, हातात पत्रकांचा गठ्ठा. नजर माझ्यावर आली आणि थांबली. त्यांना आठवत होतं. सगळं. त्या म्हणाल्या, "ती तेव्हा लहान होती. चारचौघांत मी तिचं नाव घेणार नाही." लोक हसले. हेतल माझ्या कानाशी म्हणाली, "जूठ्ठी! बघ, डोळे कसे फिरवते."

मी काय केलं? पत्रकं वाटली. उरलेली.

महिनाभरात ताई समितीतून बाहेर. आयांनी मुली काढून घेतल्या. नेटचे खांब काढले, तिथे आता गाड्या लावतात. ज्या बाईने देशाची कप्तानी केली, तिचं नाव आमच्या भागात निघालं की लोक म्हणतात, ती ना, पक्षपाती? हे नाव त्यांना मी दिलं. बाकी कुणी नाही.

मग आज का? पश्चात्ताप वगैरे म्हणू नका. माझी झोपबीप उडाली नव्हती, मी छान झोपत होते. झालं असं की हेतलने पादऱ्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली. तिने बोलावलं म्हणून मी बघायला गेले. सराव संपल्यावर ती मुलींना घेऊन बसली आणि खोटं बोलू नये हे समजावताना तिने उदाहरण दिलं — शुभदाताईंचं. वीसेक मुली ऐकत होत्या. त्यांच्यातल्या एकीनेही ताईंना कधी खेळताना पाहिलं नव्हतं. मी तिथे बसून मान डोलावली. खरंच डोलावली. आणि परत येताना गाडीवर पहिल्यांदा मला कळलं की हे आता माझ्या हाताबाहेर, माझ्यानंतरही चालत राहणार.

गेल्या रविवारी पुन्हा गेले. हेतल स्टंप ठोकत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं — टक्क ऐकलं होतं, मुद्दाम बोट वर केलं, ताईंनी विचारलं तेव्हा खोटं बोलले, तुलाही खोटं सांगितलं, दोन्ही पत्रकं खोटी होती. तिने हातातला स्टंप पुरता ठोकला. मग एकच विचारलं, "ताईए सामेथी पूछ्युं हतुं? जातेच?" त्यांनी स्वतःहून विचारलं होतं का. मी हो म्हटलं. "ने तें ना पाडी?" आणि तू नाही म्हणालीस?

हो.

तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं लिहिणार होते, पण ते माझ्या सोयीचं झालं. तिने मुलींना हाक मारून गोल बसवलं. म्हणाली, मागे मी एक गोष्ट सांगितली होती ना, ती उलटी सांगितली. शुभदाताई खरं बोलल्या होत्या. खोटं या बेन बोलल्या. मग माझं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. मुली माझ्याकडे बघत राहिल्या. एकीने विचारलं, "आ ज बेन?" याच का. हेतल म्हणाली, "आ ज." आणि सराव सुरू केला.

गटाला मी कळवलंय. पत्रकं लिहायचं काम आता माझ्याकडे नाही. ताईंच्या घरी गेलेले नाही. गेले तर दारात उभी राहीन, आणि मग त्यांना मला आत ये म्हणावं लागेल. त्यांनी माझ्यासाठी आणखी काही करावं, असं मला वाटत नाही.

हा कागद मी स्वतः वाटणार आहे. मांजलपूरपासून सुरुवात.