तीन वाजताचं पाणी

सव्वाचार वाजले आणि प्लॉटरवरची रेघ पुन्हा खाली गेली.

"माने-सान, आज किती?" हाईकेने विचारलं.

"सहा."

"आणि काल?"

"कालही सहाच."

"शिस्तीची आहे. माझ्या भावापेक्षा बरी."

सहा म्हणजे सहा मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्याचा बारावा हिस्सा धरा. घरात ही चूक कुणाला दिसणारही नाही. पण आमची मशीन साचे कापायची, तिथे सहा म्हणजे माल परत.

नव्वदीच्या मध्यातली गोष्ट. ओसाकाच्या एका मशीन-टूल कंपनीत मी टेस्टिंगला होतो. मशीन चालली की तापते, लोखंड फुगतं आणि हत्याराचं टोक जागचं हलतं. म्हणून मशीनवर सात ठिकाणी तापमानाचे सेन्सर लावायचे, कॉम्प्युटरने हिशोब करायचा आणि टोक तेवढंच मागे सरकवायचं. तरीही उरलेली चूक प्लॉटर कागदावर रेघ ओढून दाखवायचा. ही पद्धत जर्मनीतल्या एका कॉलेजाने आमच्या कंपनीबरोबर बसवली होती. हाईके त्या कॉलेजची विद्यार्थिनी. सेन्सर कुठे लावायचे ते ठरवलं होतं मी.

त्या कॉलेजांना तिकडे फाखहोखशूले म्हणतात. पुढे इंग्रजीत युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस म्हणायला लागले. तिथे प्रोफेसर व्हायचं तर आधी काही वर्षं कारखान्यात काढावी लागतात. विद्यार्थ्याने शेवटचे महिने कंपनीत जाऊन एक खरा प्रॉब्लेम सोडवायचा आणि त्यावर प्रबंध लिहायचा. मगच डिप्लोमा. आपल्या पॉलिटेक्निकचा नव्हे, इंजिनिअरची पूर्ण पदवी. हाईकेचे वडील गवंडी. ती आधी साडेतीन वर्षं टूलरूममध्ये उमेदवारी करून आलेली. माझे वडील कोल्हापूरला फाउंड्रीत मोल्डर, आणि आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे मी तेव्हाही सांगायचो, आताही सांगतो. पण कॉलेजच्या चार वर्षांत लेथला माझा हात जेमतेम दोनदा लागला होता. हाईकेच्या कॉलेजचा मला हेवा वाटायचा.

शुक्रवारी तिचे प्रोफेसर येणार होते. रेघ सरळ का येत नाही ते सांगता आलं नाही, तर ते प्रबंध मान्य करणार नव्हते. मग आणखी एक सेमिस्टर, आणि गावाकडे ठरलेली नोकरी गेली.

आम्ही सेन्सर बदलले. वायर बदलल्या. प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. हाती एवढंच आलं, की ढगाळ दिवशी रेघ सरळ येते आणि कडक ऊन पडलं की वाकते. पण वाकते उलटी, मशीन थंड पडल्यासारखी. आमचे काचो, म्हणजे सेक्शनचे साहेब, ओकुदा-सान. त्यांनी कागद उजेडाला धरला.

"बाहेर भट्टी पेटलीय आणि हिला थंडी वाजते. माने-सान, ही आजारी आहे की आपण?"



बुधवारी मी कागद बघणं सोडून दिलं. दुपारी मशीनशेजारच्या शटरपाशी खुर्ची टाकली आणि बार्लीच्या थंड चहाचा कॅन घेऊन बसलो. शटर गुडघाभर वर होतं. बाहेर सिकाडा किडे एका सुरात ओरडत होते. पलीकडच्या रुळांवरून चॉकलेटी रंगाची गाडी गेली, तीही झोपेत असल्यासारखी. मशीनचा तोच तो आवाज, पुढे, मागे, पुढे, मागे. माझे डोळे जड झाले.

तीनला मोरिता-सान आले. हे आमचे जुने फोरमन. रिटायर झाल्यावर आवाराच्या कामाला अरुबाइतो, म्हणजे पार्ट टाइम, येत. लाकडी बादली, लांब दांड्याचा डाव. त्यांनी पाणी उडवलं. उन्हात त्याची कमान झाली, क्षणभर तशीच राहिली आणि तापलेल्या जमिनीवर पसरली. वास आला. तो वास मला सरळ आमच्या अंगणात घेऊन गेला. पत्र्याचं घर, उन्हाळ्यातली संध्याकाळ, आई तांब्याने पाणी मारतेय, फाउंड्रीतून आलेले वडील जमीन निवायची वाट बघत पायरीवर बसलेत. आई म्हणायची, "थांबा, अजून वाफ निघतेय." मी तिथे किती वेळ होतो कोण जाणे.

पायाच्या घोट्यांना गार लागलं तेव्हा मी ओसाकात परतलो.

वारा शटरखालून येत होता, ओला, जमिनीलगत. माझ्या पायांवरून तो सरळ मशीनच्या पायथ्याशी जात होता. पायथा निवला की आकसणार, वरचं अंग गरमच राहणार. मग सबंध मशीन किंचित वाकणार. जाड ओतीव लोखंड निवायला तासभर तरी घेतंच. तीन ते सव्वाचार. आणि माझे सातही सेन्सर कमरेच्या वर. लावताना मी वाकलोच नव्हतो.

मोरिता-सानांनी शटरखालून डोकावलं. "माने-सान, तुमच्या आईसारखं जमतंय का?"

"काय?"

"तुम्हीच नाही का सांगितलंत? घरी आई अंगणात पाणी मारते, त्या वासाची आठवण येते म्हणून. आधी मी फाटकापाशीच मारायचो. तेव्हापासून इथेही मारतो. ऊन असेल त्या दिवशी."

बोललो होतो खरा. तीन आठवड्यांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत, माझ्या मोडक्या जपानीत. मी त्यांना वाकून नमस्कार केला, आत गेलो आणि जुने कागद काढले. रेघेतला पहिला खड्डा त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवसाचा होता.

गुपचूप शटर खाली ओढलं असतं तरी भागलं असतं. खरं कारण कुणाला कळलंही नसतं. शटरच्या साखळीवर मी हात ठेवला होता, खोटं कशाला बोलू. पण प्रबंध तिचा होता. मी हाईकेला सगळं सांगितलं.

तिने विचारलं, "म्हणजे माझा डिप्लोमा तुमच्या आईने अडवलाय?"

"आईने नाही. मी."

मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

ओकुदा-सानांनी ऐकून घेतलं. मी म्हटलं, "मोरिता-सानांना पाणी थांबवायला सांगू का?"

"नको. मला कानस धरायला त्यांनी शिकवलं. लोखंडाला काय ते समजवा."

गुरुवारी मी जमिनीवर पालथा पडून पायथ्याला आणखी दोन सेन्सर लावले. हाईकेने हिशोब नव्याने मांडला. सव्वाचारला आम्ही दोघं प्लॉटरपाशी उभे होतो. रेघ जराशी कललीशी वाटली आणि सरळ पुढे गेली. एक मायक्रॉन.

शुक्रवारी प्रोफेसरांनी कागद पाहिले आणि तीन वाजता शटरपाशी उकिडवे बसून सगळं पाणी उडताना पाहिलं. उठल्यावर त्यांनी हाईकेला विचारलं, "शटर बंद का नाही केलंस?"

"बंद केलं असतं तर रेघ सरळ आली असती, पण शटर बंद असेपर्यंतच."

"सरळ रेघ मला आमच्या लॅबमध्येही मिळते. तिथे कुणी पाणी मारत नाही. प्रबंधात हे प्रकरण आधी घाल, बाकीचं मागून." आणि त्यांनी सही केली.

थंडीत प्रबंधाची एक प्रत माझ्या टेबलावर आली. मशीनचं चित्र, नऊ ठिपके, शटरपाशी एक बाण. बाणाशेजारी जर्मनमध्ये लिहिलं होतं: पाणी, तीन वाजता.

मोरिता-सानांना आम्ही कधीच काही सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यातही पाणी पडत राहिलं, मशीन ते सोसत राहिली, आणि मी तीनला चहा घेऊन तिथेच बसत राहिलो.

आमच्या लॉगशीटवर हवा, तेल, वेग असे रकाने असत. मी शेवटी एक वाढवला: कुणाशी काय बोललो. ओकुदा-सानांनी तो वाचला आणि खोडला नाही. फक्त रुंदी थोडी वाढवायला सांगितली.