व्हायोलिनची धून लागली की

आमच्या गावात फ्रेंच रेडिओ आहे म्हटलं की अल्फारेटा शहरात राहणारी माझी भाची हसते. "मावशी, अमेरिकेत फ्रेंच कोण ऐकतं गं?" अगं बाई, लुइझियानात ऐकतात! भाताची शेतं, दलदल आणि मधे आमचं हे एवढंसं गाव. आमचे हे डॉक्टर म्हणून इथे आले ते कायमचेच.

ते स्टेशन सुरू झालं फर्निचरच्या दुकानामागच्या खोलीत. आता जे काका बातम्या वाचतात त्यांच्या वडिलांचं दुकान. त्या वडिलांना लहानपणी शाळेत फ्रेंच बोलले म्हणून गुडघ्यांवर बसवलं होतं. मोठे झाल्यावर त्यांनी माइक आणला आणि म्हणाले, आता बोलतो बघा किती ते! पूर्वी दिवसभर फ्रेंच असायचं, हल्ली फक्त सकाळी. गाणी, हवामान, आणि आठ वाजता गेलेल्यांची नावं. आधी व्हायोलिनची एक संथ धून लागते, मग काका वाचतात: कोण गेलं, कुणाचं कोण, घरात लाडानं काय म्हणायचे. त्या वेळी गावात कुणी चमचासुद्धा वाजवत नाही.

मी मात्र धून लागली की रेडिओ बंद करायची. देवापुढे आत्ताच दिवा लावलाय, आणि मेलेल्यांची नावं कशाला ऐकायची? हे चिडायचे. "अगं, माझे पेशंट असतात त्यात!"

"म्हणून तर नको," मी म्हणायची.

मग ते वादळ आलं. हे रिटायर झालेले, तरी शाळेत माणसं आणून ठेवली होती तिथे आदल्या दुपारीच गेले. "संध्याकाळी येतो," म्हणाले. आले नाहीत. लाइट गेले, फोन गेला. उरला बॅटरीवरचा रेडिओ.

सकाळी तो लावला, तर धून. केला बंद. दहा मिनिटांनी लावला, परत धून. आठ केव्हाच वाजून गेले होते, आणि ही धून संपतच नव्हती. एवढी माणसं गेली? एकच येत होतं मनात, की यांचं नाव त्यात असणार. ऐकलं नाही तर झालंच नाही, असं काहीतरी. वेडेपणा हो, पण तेव्हा तोच आधार वाटत होता. आमचं घर उंच जोत्यावर, तरी पाणी वरच्या पायरीवर आलं, मग स्वयंपाकघरात. मी देव उचलून टेबलावर ठेवले आणि शेजारी चढून बसले. रेडिओ मांडीवर, बंद.

दार धडाधडा वाजलं. शेजारीण. भावाची मासे धरायची होडी घेऊन आली होती, पार आमच्या अंगणात!

"बेबी, बहिरी झालीस का? डॉक्टर सकाळपासून रेडिओवर ओरडतोय!"

"ते... आहेत?"

"आहेत म्हणजे? शाळेतून स्टेशनवर जाऊन बसलाय. कुणाकुणाचे निरोप सांगतायत तिथून. त्या धुनेला सगळं गाव गप्प होतं ना, म्हणून प्रत्येक निरोपाआधी तीच लावतायत. चल, आधी बस!"

मी देव पदरात घेतले आणि बसले. गल्लीतल्या मोटारींचे नुसते टप दिसत होते. होडीत तिचा रेडिओ चालू होता. धून लागली तसा माझा हात आपोआप बटणाकडे गेला. तिनं फाडकन चापट मारली हातावर.

आणि मग यांचा आवाज. फ्रेंच रेडिओवर, मराठीत! "अगं, मी ठीक आहे. नदीचा बांध फुटलाय. दुपारपर्यंत आपल्या गल्लीत छतापर्यंत पाणी येईल म्हणतायत. घरात थांबू नकोस. कुणाचीही होडी दिसली की हाक मार. ऐकतेयस ना?" घसा पार बसला होता. "तू बंद करून बसली असशील. माहितीये मला. तरी सांगतो."

"ऐकतेय हो! निघालेय!" मी त्या डब्यात तोंड घालून ओरडले. शेजारीण रडायला लागली. तिला एक शब्द कळला नव्हता.

मागे वळून पाहिलं. पाणी आमच्या खिडकीला लागलं होतं. स्टेशन अजून मैलभर लांब. परत धून लागली आणि यांनी पहिल्यापासून सुरू केलं, "अगं, मी ठीक आहे..."