ग्रिसेल्दाबाईंचे दोन तास

ग्रिसेल्दा इंत्रियागोबाईंना रागवायला कारण लागत नाही, असं ला सेइबिता गावातले लोक म्हणत. हे काही खरं नव्हतं. त्यांना कारण लागायचं, पण ते रोज कुठे ना कुठे मिळायचंच.

त्या वर्षीचं कारण मोठं होतं. मुख्याध्यापक वॉशिंग्टन व्हेलेस यांनी त्यांचे आठवड्यातले दोन तास कापले. वेळापत्रकात त्या तासांना 'मूल्यशिक्षण' म्हणत, मुलं मात्र त्यांना 'भांडणाचा तास' म्हणायची. कारण बाई कधी उपदेश करायच्या नाहीत. त्या गावातलं एखादं ताजं भांडण वर्गात आणून टाकायच्या. पुरात वाहत आलेली गाय ज्यानं काढली त्याची, की तिच्या अंगावर ज्याच्या मालकीचा डाग आहे त्याची? मुलं तावातावानं भांडायची, ज्यानं काढली त्याचीच म्हणायची. मग बाई शांतपणे म्हणायच्या, "गाईचा मालक आत्ता या दारात उभा आहे असं समजा. आता बोला." निम्म्या मुलांची तोंडं तिथंच बंद व्हायची. उरलेल्या निम्म्यांकडून खरा वाद सुरू व्हायचा.

"जग बदलतंय, ग्रिसेल्दाबाई," व्हेलेस सर म्हणाले. "पोरांना आता यंत्रमानव बनवता यायला हवेत. राजधानीत, कितोला स्पर्धा आहे. तुमचं ते 'खरं बोला, वाटून खा' काय, घरी आई शिकवतेच की."

"मी 'वाटून खा' शिकवते हे कोणी सांगितलं तुम्हाला? एकदा तरी वर्गात येऊन बसलात?"

"मूल्यं आपण सोडलेली नाहीत हो. तो बघा फलक."

फाटकावर रंगीत फलक लागला होता. दर महिन्याला एक मूल्य, मोठ्या अक्षरांत. त्या महिन्यात 'प्रामाणिकपणा' होता. फलक बघून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

काही दिवसांनी नार्सिसाचं प्रकरण घडलं.

नार्सिसा सेदेन्यो शाळेच्या आवारात खाण्याची टपरी चालवायची. उकडलेली हिरवी केळी कुटून, त्यात चीज घालून ती गरमगरम गोळे वळायची. ज्याच्या घरी सकाळी चूल पेटलेली नसे, त्या पोराच्या हातात काही न विचारता एक गोळा ठेवायची. एका सोमवारी गावभर सगळ्यांच्या फोनवर तिचा आवाज फिरला. "या पोरांना काय कळतंय! उंदरांनी तोंड लावलेली केळीसुद्धा मी खपवते. आईबाप तरी कुठे बघायला येतात?" आणि शेवटी तिचं ते ओळखीचं, घशातलं हसू.

दुपारपर्यंत फाटकाशी गर्दी जमली. सगळ्यांच्या पुढे खाटीक एलादियो होता. त्यानं नार्सिसाची परात उचलली आणि धुळीत उपडी केली. "आमच्या लेकरांना उंदराचं उष्टं घालतेस होय गं?"

"मी बोलले नाही रे हे! देवाशपथ नाही बोलले!"

"मग हा आवाज कोणाचा? माझ्या आजीचा?"

नार्सिसानं फोन कानाला लावून ते पुन्हा ऐकलं. तिचा चेहरा उतरला. ती ग्रिसेल्दाबाईंकडे वळली. "बाई, आवाज तर माझाच आहे. हसणंही माझंच. पण हे मी बोलले नाही. माणूस स्वतः बोललेलं असं विसरतं का हो?"

संध्याकाळच्या आत व्हेलेस सरांनी तिला टपरी रिकामी करायला सांगितली. चौकशी नाही, विचारपूस नाही. फाटकावर 'प्रामाणिकपणा' तसाच लटकत होता.

दुसऱ्या दिवशी माइबेली नावाची मुलगी बाईंच्या घरी आली. यंत्रमानवाच्या चमूतली ती हुशार पोर. दारातच रडायला लागली. "बाई, तो आवाज आम्हीच बनवला. जोफ्रेनं आणि मी. मावशी टपरीवर बोलत होत्या ते फोनमध्ये घेतलं, आणि मग संगणकाकडून पाहिजे ते वदवून घेतलं. फक्त जमतंय का ते बघायचं होतं. जोफ्रेनं गमतीत एका मित्राला पाठवलं, आणि..."

"आणि परात उपडी झाली तेव्हा तुम्ही दोघं कुठे होतात?"

"तिथंच."

"बोलला नाहीत?"



बाई तिला घेऊन तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. व्हेलेस सरांनी सगळं ऐकलं, दार लावून घेतलं आणि हसले. "पोरं हुशार आहेत की! देशातल्या मोठमोठ्या शाळांना जमत नाही ते आपल्या पोरांनी करून दाखवलं. पण स्पर्धा होऊ दे आधी. मग निवांत बघू. आणि हो, पुढच्या वर्षी तुमचे तास मी परत देणारच होतो."

"म्हणजे माझ्या गप्प बसण्याची ही किंमत?" बाईंचा आवाज बाहेर पटांगणापर्यंत गेला. "एका बाईचं तोंड चोरलं या पोरांनी! तिची परात चोरली असती तर तुम्ही पोलीस बोलावले असते. तोंड चोरलं तर कौतुक करताय? आणि माझेच तास मला लाच म्हणून देता?"

"आवाज खाली करा, बाई."

"आवाजाचं मला सांगू नका, सर. या आठवड्यात तर नकोच."

बाहेर जोफ्रे उभा होता. उंच, सडसडीत, डोळ्यांत मस्ती. तो म्हणाला, "बाई, मी केलं नसतं तर दुसऱ्या कोणी केलं असतं. आता हे सगळीकडेच होणार आहे."

"होणार आहे म्हणूनच तुला विचारतेय! सगळीकडे होणार, मग तू कोण होणार, ते सांग. चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"जिचा आवाज घेतलास तिच्याकडे."

नार्सिसा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. मुलांनी कसंबसं सगळं सांगितलं. बाईंना वाटलं होतं ती ओरडेल, रडेल. तसं काही झालं नाही. तिनं जोफ्रेला फक्त विचारलं, "माझ्या आवाजात आणखी काय वदवता येतं रे?"

"काहीही, मावशी."

"माझा लेक स्पेनमध्ये आहे. दर रविवारी फोन करतो. कोणीतरी त्याला हे पाठवलं. काल आडवारी फोन आला त्याचा. 'आई, असं का बोललीस?' म्हणाला. 'बोललीस का' असं नाही विचारलं त्यानं. 'का' असं विचारलं. आता त्याला जे सांगायचं ते कोणत्या आवाजात सांगू? माझा तर तुझ्याकडे आहे."

जोफ्रेच्या डोळ्यांतली मस्ती विझली. तो म्हणाला, "मी त्याला फोन करतो, मावशी. आणि गावालाही सांगतो."

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर लोक चौकात रेंगाळले होते. जोफ्रे बाकावर चढला आणि त्यानं सगळं कबूल केलं. कोणाचा विश्वास बसेना. एलादियो खाटीक ओरडला, "त्या बाईला वाचवायला पोराला पढवलंय! काढ की माझा आवाज, हिंमत असेल तर!"

"काढू, काका? तुम्ही परवानगी देताय?"

"दिली! सगळ्यांसमोर दिली!"

एवढं बोलणं माइबेलीनं फोनमध्ये घेतलं होतं, आणि जोफ्रेला तेवढं पुरेसं होतं. तो आणि माइबेली फोनवर वाकले. थोड्या वेळानं फोनमधून एलादियोचा घोगरा आवाज आला. "मी एलादियो. मी बैलाच्या मटणात गाढवाचं मटण मिसळतो, आणि तुम्ही मिटक्या मारत खाता."

चौकात हास्याचा स्फोट झाला. एलादियो मात्र पांढराफटक पडला. "हे मी बोललो नाही! हे मी नाही बोललो!"

"नार्सिसाही हेच म्हणत होती," ग्रिसेल्दाबाई म्हणाल्या. "तेव्हा तुमच्यापैकी कोण थांबलं?"

हसू तिथंच विरलं. कोणी टोपी काढून हातात धरली, कोणी लेकराचा हात धरून हळूच घरची वाट धरली.

इथं गोष्ट गोड व्हायला हवी होती. पण सोमवारी व्हेलेस सरांनी दोन्ही मुलांची नावं स्पर्धेतून काढून टाकली. कारण काय, तर 'शाळेची अब्रू चव्हाट्यावर मांडली'. मुलांनी केलं तेव्हा चाललं होतं. कबूल केलं तेव्हा चाललं नाही. जोफ्रेची आई बाईंच्या दारात येऊन कडाडली, "माझ्या पोराचं भविष्य बुडवलंत तुम्ही!"

"उलट आहे बाई," ग्रिसेल्दा म्हणाल्या. "तुमचा मुलगा काल त्या बाकावर चढला, तेवढंच भविष्य मी या गावात आजवर पाहिलंय."

नार्सिसाला परत बोलावणं आलं, पण ती गेली नाही. "तिथं गोळे वळायला हात धजत नाहीत," एवढंच म्हणाली. तिनं बसथांब्यावर टपरी टाकली. तिथंही काही जण अजून लांबूनच जातात. आवाज खोटा होता हे त्यांना माहीत आहे, तरी जातात. ही गोष्ट ग्रिसेल्दाबाईंना आजही सहन होत नाही.

वर्षअखेरीच्या समारंभाला जिल्ह्याच्या शहरातून एक अधिकारी आले. व्हेलेस सर बोलायला उभे राहिले. "बदलत्या जगात आमच्या शाळेनं मुलांना खोटा आवाज ओळखायला शिकवलं. सगळ्या गावाला शिकवलं. याला म्हणतात मूल्यशिक्षण!" टाळ्या पडल्या. नार्सिसाचा उल्लेखही झाला नाही.

मागच्या रांगेतून ग्रिसेल्दाबाई उठल्या. "तिचं नाव घ्या, सर."

सर हसून पुढचं वाचू लागले.

"जिच्यामुळे गाव शिकलं तिचं नाव घ्या."

मग माइबेली उठली. तिच्यामागे जोफ्रे उठला. नंतर 'भांडणाच्या तासा'तली पोरं एकेक करून उभी राहिली. सरांनी घाम पुसला आणि अखेर कसंबसं म्हणाले, "...नार्सिसा सेदेन्यो."

कोणीतरी बक्षीस मिळवलं असावं असं वाटून अधिकारीसाहेबांनी जोरात टाळ्या वाजवल्या. ग्रिसेल्दाबाईंनी वाजवल्या नाहीत. पोरांना घेऊन त्या मधल्या वाटेनं चालत बाहेर पडल्या.