बारशाचा कॅमेरा

भावाला मुलगी झाली जर्मनीत, आणि तिच्या बारशासाठी कॅमेरा घ्यायची वेळ आली माझ्यावर, इथं गारखेड्यात.

तोवर मला कॅमेऱ्याची कधी गरज पडली नव्हती. ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगा होतात, साहेब बोलत राहतात, आम्ही कॅमेरा बंद ठेवून मेथी निवडतो. लॅपटॉपचा मूळचा कॅमेरा कधी मेला हेसुद्धा मला कळलं नाही. भावाशी बोलणं मोबाइलवर व्हायचं, आणि माझा मोबाइल असा जुना की भाऊ म्हणायचा, "ताई, समोर तू आहेस का आई, एवढं तरी सांग."

आमच्यात बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं असतं. पाळण्याशी वाकून कानात कुर्र करायचं, नाव सांगायचं, आणि सांगितलं की जमलेल्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात ते कुणी मला धड सांगितलं नाही, पण धपाट्याशिवाय नाव पक्कं होत नाही. या बाळाला सख्खी आत्या एकच, मी. नाव मी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. खरं तर ते माझ्या स्वतःच्या मुलीसाठी ठरवलं होतं. मला मूल झालं नाही, आणि नाव तसंच पडून राहिलं.

पण माझे यजमान करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले, आणि तिथंच घोडं अडलं.

भावाच्या सासूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला गेल्या होत्या. बाई वाईट नाहीत. डिंकाचे लाडू आणि बाळाची झबली घेऊन एकट्या एवढ्या लांब गेल्या, मला जमलं नसतं. पण एका संध्याकाळी त्या फोनवर म्हणाल्या, "नाव तुम्ही ठरवलेलंच ठेवू हो ताई, आमची ना नाही. फक्त कानात सांगायला इथं जावईबापूंच्या मित्राची बायको आहे, ती त्यांना भाऊ मानते. सवाष्ण आहे. शुभकार्य आहे ना. आणि तुमचं ते मोबाइलवर धड दिसतही नाही. मुहूर्त टळायला नको."

मी आईकडं पाहिलं. वडील गेल्यावर आई पाचोडचं घर बंद करून माझ्याकडं आली, तेव्हापासून आम्ही दोघीच राहतो. ती शेजारी लसूण सोलत बसली होती. फोन स्पीकरवर होता, तिनं सगळं ऐकलं होतं. ती लसूण सोलत राहिली.

मला विहीणबाईंचा राग आला नाही इतका आईचा आला. परक्या बाईनं म्हणावं, ते एकवेळ ठीक. जन्म दिलेल्या बाईनं लसूण सोलावा?

भाऊ मधे पडला. तो लहानपणापासून असाच, भांडण मिटवायला दोन्हीकडचं थोडं थोडं मान्य करतो. म्हणाला, "ताई, तू चांगला कॅमेरा घे. नीट दिसलं तर नाव तूच ठेवायचं. अगदीच नाही दिसलं, तर मग बघू." म्हणजे माझा मान आता कॅमेऱ्यावर येऊन ठेपला. मी म्हटलं, बघतेच आता.

उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं काउंटरवर एक काळा, सुपारीच्या डबीएवढा कॅमेरा ठेवला. मी विचारलं, बसवायचा कसा? तो म्हणाला, "कुछ नहीं मॅडम, लगाव और भूल जाव." या लोकांचं लगाव आणि भूल जाव मला चांगलं माहीत आहे. त्यानंच मागं मला इन्व्हर्टर असाच दिला होता.

घरी आल्यावर लॅपटॉपला वायर जोडली. कॅमेऱ्याचा दिवा लागला, पडद्यावर मात्र काळोख. वायर काढली, पुन्हा घातली, लॅपटॉप बंद करून चालू केला. काळोखच. मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडायला लागले होते, तेवढ्यात सेटिंगमध्ये एक यादी दिसली. लॅपटॉप अजून त्याच्या जुन्या, मेलेल्या कॅमेऱ्यातून बघत बसला होता. यादीतून नवा निवडला आणि माझं तोंड एकदम पडद्यावर आलं. स्वतःला इतक्या जवळून बघायची सवय नव्हती. वय झालंय, असं वाटलं, आणि मी कामाला लागले.

मागं खिडकी होती म्हणून चेहरा काळा दिसत होता. टेबल फिरवून खिडकी समोर घेतली. कॅमेरा खालून बघत होता, त्यात नुसत्या नाकपुड्या दिसायच्या. म्हणून लॅपटॉपच्या मागं पोह्यांचा उंच डबा ठेवला आणि कॅमेरा त्याच्या झाकणावर बसवला. शनिवारी भावाला फोन लावून बघितलं. तो म्हणाला, "ताई, एक नंबर. तुझ्या कानातल्या कुड्या पण दिसतायत." बाळ दाखवलं. झोपलं होतं. मी त्या मुलीचा कान नीट बघून घेतला, उद्या कुठं बोलायचंय ते कळावं म्हणून.

रविवारी दुपारचा मुहूर्त होता. सकाळी आई न्हाली, पूजा केली, शिऱ्याचा घाट घातला. मी ठेवणीतली पैठणी काढली. यजमान गेल्यापासून नेसले नव्हते. ऑफिसला जाताना मी काळी टिकली लावते, तशीच लावली. टेबलाशी आले तर लॅपटॉपवर चार अक्षता आणि शेवंतीचं फूल पडलेलं. अक्षता झटकल्या, फूल बाजूला ठेवलं आणि फोन लावला.

पडद्यावर मी नव्हतेच. नुसता पिवळट तांबडा धूर.

"ताई, काय केलंस?" भाऊ म्हणाला. "लालच दिसतंय सगळं."

मी काय करणार? काल जसं होतं तसंच सगळं होतं. वायर काढून दुसऱ्या भोकात घातली. यादी उघडली, कॅमेरा बरोबर निवडलेला. उजेड कमी-जास्त करायच्या खुणा होत्या, त्या इकडच्या तिकडं केल्या, तर धूर तांबड्याचा जांभळा झाला. लॅपटॉप बंद करून चालू केला. तो चालू होईपर्यंत मी दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या. परत फोन लावला, तर धूर तसाच. भाऊ सांगत होता, ते ॲप काढून परत टाक. मी त्याच्यावर ओरडले, "तिथं बसून अक्कल शिकवू नको."

पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला. हळू बोलत होत्या, पण स्पष्ट ऐकू आलं. "राहू द्या ना. ताईंना उगीच त्रास. ती आलीच आहे, तिलाच ठेवू द्या नाव. वेळ झाली."

ते नाव दुसरीच कुणी बाई त्या कानात सांगणार, आणि मी लाल धुरातून ऐकणार. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा, आणि रागानं तो कॅमेराच डब्यावरून उचलला.

काचेवर हळदीचं बोट होतं. हळदीवर कुंकवाचं. बरोबर मधोमध, भिंगावर. कॅमेऱ्याच्या खालच्या चिमट्यात एक अक्षत अडकलेली.

आमच्या घरात नवी वस्तू आली की आई तिला हळदकुंकू वाहते. फ्रिजच्या कपाळाला डाग आहे, मिक्सरच्या आहे, स्कूटीच्या आहे, इन्व्हर्टरच्याही आहे. रोज बघून बघून डोळ्याला ते दिसेनासंच झालंय. अक्षता मी माझ्या हातानं झटकल्या होत्या, तरी डोक्यात उजेड पडला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कॅमेऱ्याला कपाळ नसतं हे आईला कोण सांगणार? तिला मधोमध एक गोल दिसला, तिनं तिथं बोट टेकलं.

"आई," मी म्हटलं, "हे तू केलंस?"

"व्हय," आई म्हणाली. "नवी वस्तू हाय, आज पह्यल्यांदा शुभकार्याला बसायची. बिनकुंकवाची कशी बसवावी?"

मी आधीच तापलेली. तोंडातून निघूनच गेलं. "वस्तू बिनकुंकवाची चालत नाही तुला. अन् लेक चालती व्हय? फ्रिजला कुंकू, मिक्सरला कुंकू, त्या स्कूटीला कुंकू. मीच तेवढी या घरात जुनी वस्तू. परवा त्या बाई बोलत होत्या तेव्हा लसूण सोलत बसलीस. एक शब्द बोलली असतीस तर तुझं काय जात होतं?"

आई तशीच देवघरात गेली. फोन चालूच होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मी पदरानं काच पुसली, तर हळद आणखी पसरली. मग चष्म्याचं फडकं घेतलं, त्यावर थोडं पाणी घातलं, आणि हलक्या हातानं पुसत बसले. कुंकू निघालं. हळद कडेला जराशी राहिली. कॅमेरा डब्यावर ठेवला. पडद्यावर माझं तोंड आलं, कडेनं थोडं पिवळं, डोळे लाल, पण माझंच.

"दिसलीस ताई," भाऊ म्हणाला. "स्वच्छ दिसलीस."

तिकडं पाळणा सजवला होता, म्हणजे त्यांच्याकडची जाळीची लहान खाट, तिला फुगे लावलेले. भावजयीच्या मांडीवर बाळ. मागं विहीणबाई, आणि त्यांच्या शेजारी हिरवी साडी नेसलेली ती मित्राची बायको. सगळे माझ्याकडं बघत होते.

तेवढ्यात आई देवघरातून आली. हातात करंडा होता. "इकडं बघ," म्हणाली. मला वाटलं, परत कॅमेऱ्याला लावते का काय. तिनं माझी काळी टिकली नखानं काढली आणि तिथं कुंकू लावलं. जरा तिरकंच लागलं. मग कॅमेऱ्याकडं तोंड करून, दूरच्या माणसाशी बोलतात तसं मोठ्यानं म्हणाली, "विहीणबाई, दिसतंय का तिकडं? माझी लेक हाय ही. बाळाला दुसरी आत्या नाय. मी मागंच बोलाया पाहिजे होतं, भ्याले. लोक काय म्हणतील म्हणून लई वर्षं भ्याले मी."

विहीणबाई उठल्या. त्यांनी लेकीच्या मांडीवरून बाळ उचललं, स्वतःच्या हातात घेतलं, आणि बाळाचा कान लॅपटॉपजवळ आणला. "सांगा ताई," म्हणाल्या. "जरा हळू सांगा, दचकेल."

मी कॅमेऱ्याशी वाकले. कुर्र केलं. इतकी वर्षं पडून राहिलेलं नाव तिच्या कानात सांगितलं. बाळानं तोंड वाकडं केलं आणि परत झोपलं. ते नाव आता तिचं आहे, म्हणून इथं लिहीत नाही.

धपाटे घालायला रीतीनं चौघीजणी लागतात. इथं आई एकटी. तिनं चौघींचे धपाटे एकटीनं घातले, चांगले जोरात, शेताची कामं केलेल्या हातांचे. चौथा घातल्यावर मात्र तिनं हात माझ्या पाठीवरून काढलाच नाही.