दोन वाळूंच्या सीमेवर

वाघमारे सर कुणालाच थेट फळ्यावर सिद्धता लिहू देत नसत. आधी ती तोंडी सांगायची, तीही घरच्या भाषेत. माझ्यासोबतचे तेलुगूत सांगून मोकळे व्हायचे. मी नर्सरीपासून इंग्रजीत शिकलेली. मराठी फक्त आईशी, तीही भाजी-आमटीपुरती. हैदराबादेत गणितात पीएचडी करताना मला गाईड नेमका परभणीकडचा मिळावा, हे माझं नशीब.

माझा विषय होता, जमिनीच्या पोटात दगड-वाळूच्या छिद्रांतून तेल आणि पाणी एकत्र कसं वाहतं, त्याची समीकरणं.

“सॅच्युरेशन...” मी सुरू करायचे.

“ते कोण?”

“म्हणजे... छिद्रांत तेलाचा वाटा किती, ते.”

“हां. आता तुला कळलं. मला ठाऊकच होतं.”

मला चारचौघांत बोलायची आधीच धास्ती. सर मात्र एकेका शब्दावर अडवायचे आणि माझं वाक्य संपेपर्यंत निवांत सुपारी कातरायचे.

महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांची सही झाली की प्रबंध सादर. नाहीतर नवा गाईड, मुदतवाढ, आणि पुण्याची ठरलेली नोकरी हातची जाणार. हे सगळं त्यांना माहीत होतं. तरी शेवटच्या आठवड्यात त्यांनी चौथं प्रकरण उघडलं.

“इथं जाड वाळू संपली, बारीक सुरू झाली. या सीमेवर काय होतंय?”

“दोन्हीकडे तेलाचा वाटा सारखाच धरलाय, सर.”

“कामून?”

“सगळे धरतात.”

“बोलाव सगळ्यांना, चहा पाजू. अगं बाई, बारीक वाळू तेलाला लगेच आत घेते का? तेल दारातच तुंबतं. पुरेसा दाब आला की मग शिरतं. वाटा तिथं एकदम बदलतो. वाळू काय तुझ्या सोयीनं वागायलीय?”

“परीक्षक इतकं बघणार नाहीत, सर.”

“हौ, नाहीच बघणार. म्हणून तर मी बघायलोय.”

सही झाली नाही. निरोपसमारंभात त्यांनी मला आग्रहानं खुबानी का मीठा वाढला आणि विचारलं, “सीमेचं काय झालं?” ती वाटी त्यांच्या डोक्यावर पालथी घालावीशी वाटली. मी “बघतेय” म्हणाले.

नवे गाईड फार सज्जन. पान न उलटता त्यांनी पेन काढलं. “वाघमारे म्हणजे किचकट माणूस. कुठं करू सही?” सही आजच झाली तर मुदतवाढ टळत होती, पुण्याची नोकरी अजून वाचत होती. मी पानावर बोट ठेवलं, आणि तोंडातून निघालं, “थांबा सर. चौथं प्रकरण चुकलंय.”

बाहेर येऊन आधी पुण्याला नकार कळवला. मग वाघमारे सरांच्या बरकतपुऱ्याच्या घरी फोन लावला.

“सर, तुमच्यामुळे माझी नोकरी गेली. उद्या सकाळी येतेय, घरीच थांबा.”

“ये की,” सर म्हणाले. “पण आत्ता सांग, पुरेसा दाब म्हणजे किती?”

मी चरफडत जिन्यातच बसले आणि सांगायला लागले.